"आधी वजन कमी करा" हे पुरेसं उत्तर नाही

पन्नाशीच्या पुढची बाई डॉक्टरकडे जाऊन "संबंधांच्या वेळी दुखतं" असं सांगते हे आपल्याकडे मुळात फार कमी वेळा होतं, आणि होतं तेव्हाही ती आधी कंबर सांगते, मग गुडघे, मग ॲसिडिटी, आणि अगदी शेवटी, नवरा किंवा सून बाहेर थांबलेली असेल तरच, खालच्या आवाजात हे सांगते. एवढं सगळं जमवून सांगितल्यावर तिला जर ऐकायला मिळालं की "वजन किती वाढलंय बघा, आधी ते कमी करा, मग बघू", तर ती पुन्हा तो विषय काढत नाही. कुठेच काढत नाही. माझा आक्षेप त्या "मग बघू" ला आहे.

वजनाचा आणि पाळी गेल्यानंतरच्या लैंगिक आरोग्याचा काही संबंध नाही असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. संबंध आहे, काही बाबतीत चांगलाच घट्ट आहे. पण तो नेमका कुठे आहे आणि कुठे नाही हे कोणी नीट सांगत नाही, सगळं एकाच वाक्यात गुंडाळलं जातं, आणि मग ज्या त्रासावर साधे स्वस्त उपाय आहेत तोसुद्धा वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो, का तर वजन काही कमी झालं नाही.

आधी कोरडेपणाचं बघू, कारण सगळ्यात जास्त दुखणं तिथलं असतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयांतून येणारं हार्मोन, खाली येतं आणि योनीचं अस्तर पातळ व्हायला लागतं, ओलावा कमी होतो, ताण सहन करायची क्षमता कमी होते. तिथली आम्लता पण बदलते, पीएच जो आधी ४.५ च्या आसपास किंवा खाली असतो तो ५ च्या वर जातो, चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि मग जळजळ, खाज, वारंवार लघवीचं इन्फेक्शन हे सगळं मागे लागतं. मूत्रमार्गाचं अस्तरसुद्धा इस्ट्रोजेनवर चालतं, त्यामुळे लघवीच्या तक्रारी आणि संबंधांतल्या तक्रारी एकाच मुळातून येतात, म्हणूनच २०१४ साली याला एकत्र नाव दिलं गेलं, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, थोडक्यात जीएसएम. अंगातून वाफा येणं, घाम फुटणं हे बहुतेकींचं काही वर्षांनी कमी होतं. हे मात्र आपोआप बरं होत नाही, उपचार केले नाहीत तर वाढतच जातं.

आता हे ४५ किलोच्या बाईला होतं आणि ८५ किलोच्या बाईलाही होतं. वजन दहा किलो कमी केलं म्हणून पातळ झालेलं अस्तर परत जाड होत नाही. त्यावर उपाय वेगळे आहेत. मेडिकलमध्ये पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट जेल मिळतं, त्याला चिठ्ठीसुद्धा लागत नाही, रोजच्या आरामासाठी व्हजायनल मॉइश्चरायझर असतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम, जे डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा आतून लावायचं असतं. फरक पडायला काही आठवडे जातात, पण बहुतेकींना पडतो. रक्तात ते फार थोडं उतरतं. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं. पण बाकीच्या बायकांनासुद्धा "हार्मोन नको बाई, कॅन्सर होतो" असं सांगून परत पाठवलं जातं. ही भीती २००२ नंतरची आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा हार्मोनच्या गोळ्यांचा एक भाग त्या वर्षी धोके दिसले म्हणून मध्येच थांबवला, त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या पोटातून गोळ्या घेत होत्या, पण त्याची दहशत या छोट्याशा क्रीमलाही चिकटली ती अजून निघत नाही.

मग वजन येतं कुठे? माझ्या मते सगळ्यात स्पष्ट लघवीच्या बाबतीत येतं. खोकलं, शिंकलं, हसलं, जिना चढला की लघवी सुटते ही तक्रार आपल्या घरात किती बायकांना आहे हे विचारून बघा, अर्थात त्या सांगणार नाहीत. पोटाचा भार ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर सतत पडतो, बाळंतपणांनी ते आधीच सैल झालेले असतात. आणि ज्या बाईला भीती आहे की जवळ आल्यावर लघवी सुटेल, वास येईल, ती जवळ येऊच देत नाही, कारण सांगत नाही, नवऱ्याला वाटतं हिला आता नकोच आहे. इथे वजन कमी करून खरोखर फायदा होतो आणि त्याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत प्राइड नावाचा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, ३३८ जाड बायका, सहा महिने आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम. कार्यक्रमातल्या बायकांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं आणि लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, ज्यांना नुसती माहिती दिली होती त्यांच्यात २८ टक्क्यांनी. ८ टक्के म्हणजे ८० किलोच्या बाईला साधारण साडेसहा किलो. हे कोणी असं आकड्यात सांगितलं तर बाईला नेमकं कळतं की कशासाठी आणि किती. "वजन कमी करा" ह्यातून काय कळणार, पंधरा किलो की तीस किलो, आणि त्याने नक्की काय सुटणार? ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, ज्याला किगल म्हणतात, ते तर कुठल्याही वजनाला करता येतात आणि त्यासाठी वजन उतरायची वाट बघावी लागत नाही. तीच गोष्ट अंग बाहेर येण्याची, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याची. वजनाने ते वाढतं हे खरं, पण जड हंडे, पोती, लाकडं उचलून, जास्त बाळंतपणांनी बारीक बायकांचंही अंग बाहेर येतं आणि त्यांना तर वजन कमी करा हेही सांगायची सोय नाही.

दुसरी जागा डायबेटीसची. पोटावरची चरबी वाढली की साखर वाढण्याची शक्यता वाढते, आणि साखर बरीच वर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, त्यामुळे ओलावा आणि संवेदना दोन्ही कमी होऊ शकतात, वर बुरशीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती बायकांना सांगितली जात नाही. साखरेसाठी आजकाल डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या सर्रास देतात, चांगल्या गोळ्या आहेत, हृदयाला आणि किडनीला फायद्याच्या आहेत, त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्यामुळेच योनीमार्गात बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. एखादीला गोळी सुरू झाल्यापासून खाज आणि आग सुरू झाली असेल तर तिने मनानेच गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगायला हवं, त्यावर इलाज असतो. पण त्यासाठी "खाली काही त्रास आहे का" हे कोणीतरी विचारायला पाहिजे ना. डायबेटीसची फाइल घेऊन दर तीन महिन्यांनी जाणाऱ्या बाईला पायाच्या तळव्यांबद्दल विचारतात, डोळे तपासून घ्या म्हणतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

तिसरी जागा आहे ती धोक्याची आहे आणि तिथे मी वजनाबद्दल कडक बोलेन. पाळी गेल्यावर अंडाशयं जवळजवळ थांबतात, पण चरबीत ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते शरीरातल्या दुसऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन बनवत राहतं. चरबी जास्त तर हे जास्त. ऐकायला बरं वाटतं, पण त्याने कोरडेपणा टळेल याची काही खात्री नसते, आणि गर्भाशयाचं अस्तर मात्र विनाकारण वाढत राहतं, म्हणून जाड बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त दिसतो, पाळी गेल्यानंतरचा ब्रेस्ट कॅन्सरही. त्यामुळे पाळी गेल्यावर, वर्षभरानंतर, थोडासा जरी रक्ताचा डाग दिसला, संबंधांनंतर दिसला तरी, तो "उष्णतेने झालं" म्हणून सोडून द्यायचा नाही. सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराची तपासणी करून घ्यायचीच. वजन कितीही असो.

बाकी गुडघे दुखतात, घोरण्यामुळे झोप होत नाही, थायरॉइड असतो, या गोष्टी इच्छेवर परिणाम करतात हे उघड आहे. डिप्रेशनच्या आणि काही बीपीच्या गोळ्यांचाही होतो.

आता "आधी वजन कमी करा" यामागच्या दाव्याकडे येऊ, की वजन उतरवलं की लैंगिक आयुष्य सुधारतं. टाइप २ डायबेटीस असलेल्या जाड स्त्री-पुरुषांवर अमेरिकेत लूक अहेड नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातल्या बायकांच्या लैंगिक त्रासाचीही वर्षभर नोंद ठेवली गेली. ज्यांना सुरुवातीला त्रास होता त्यांच्यापैकी आहार-व्यायामाच्या कडक कार्यक्रमातल्या सुमारे २८ टक्के बायकांचा त्रास गेला, साध्या माहितीच्या गटात ११ टक्क्यांचा. म्हणजे फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण उलट बाजूने वाचा. आहारतज्ज्ञ, व्यायाम, वारंवार पाठपुरावा, एवढं सगळं दिमतीला असताना वर्षाच्या शेवटी दहातल्या सात बायकांचा त्रास होता तिथेच होता. मग जिला यातलं काही मिळणार नाही, जिला घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक करून उरलेलं खायचंय, जिला सकाळी फिरायला जायलाही वेळ काढावा लागतो, तिला फक्त "वजन कमी करा" म्हणणं म्हणजे तिला काहीच न देणं आहे.

शिवाय पाळी गेल्यावर वजन का वाढतं तेही धड सांगितलं जात नाही. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात, शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी होतो, आणि किलो हळूहळू चढतात, ते पुरुषांचेही चढतात. मेनोपॉज मुख्यतः चरबीची जागा बदलतो, मांड्या-नितंबांवरून पोटावर आणतो. त्यामुळे काट्यावर दोनच किलो वाढलेले असतात आणि ब्लाउज, पंजाबी ड्रेस मात्र बसेनासे होतात. बाईला वाटतं आपण खादाड झालो, आळशी झालो. त्यात घरातले बोलतात. "काय गं, सुटलीस किती", "आता काय बाई, आजी झालीस", हे भावजयी-नणंदा तर बोलतातच, लेकीही बोलतात, आणि नवरा बोलतो ते सगळ्यात लागतं. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला अंधारातसुद्धा स्वतःचं पोट झाकून घ्यावंसं वाटतं, हे दुःख फार मोठं आहे आणि मला त्याची खरोखर चीड येते. मध्यमवयीन बायकांवर झालेल्या अभ्यासांत वजन आणि इच्छा यांचा संबंध कधी दिसतो, कधी पुसट होतो, पण बाईला स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं आणि जोडीदाराशी तिचं कसं आहे याचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणजे टोमण्यांनी आपण जे बिघडवतोय तेच नंतर वजनाच्या नावावर खपवतोय.

आणि त्या नवऱ्याच्या पोटाचं काय? त्याचाही घेर वाढलाय, त्यालाही साखर आहे, बीपीची गोळी आहे, त्यालाही ताठरतेचा प्रॉब्लेम आहे आणि पुरुषांमध्ये तर पोट, डायबेटीस आणि हा प्रॉब्लेम यांचं नातं फार पक्कं आहे. पण तो विषय घरात निघत नाही. दोघांमधलं थांबलं की ते हिच्या वयामुळे आणि हिच्या वजनामुळे थांबलं असं ठरतं. दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं हे आपल्याकडे मूल होत नसेल तरच, आणि तेव्हाही आधी तिलाच नेतात.

वजन हाच एक आरसा धरला की बारीक बायका पूर्णपणे निसटतात, हा माझा दुसरा मोठा मुद्दा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे कधीच दाखवून दिलंय. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली शरीरं दिसायला बारीक आणि आतून चरबीची असू शकतात. म्हणून आपल्याकडे जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयला धरतात आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की लक्ष द्यायला सांगतात. साध्या शिवणाच्या टेपने कळतं ते. आणि ज्या खरोखरच अशक्त, कमी वजनाच्या आहेत त्यांची चरबीतून मिळणारी थोडीफार इस्ट्रोजेनची साथही तुटलेली असते, हाडं लवकर ठिसूळ होतात. त्यांना "तुम्ही तर मेंटेन केलंय" असं म्हणून परत पाठवायचं का?

बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायका आठवा. २०१९ साली तिथल्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार गाजला, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक तर तिशी-पस्तिशीच्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर मेनोपॉज त्याच आठवड्यात येतो, हळूहळू सवय व्हायलाही वेळ मिळत नाही. या बायका राबून राबून सुकलेल्या असतात. त्यांच्या कोरडेपणाची, दुखण्याची, नवऱ्याच्या जबरदस्तीची नोंद कुठे आहे? पिशव्या का काढल्या यावर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. नंतर त्या बायकांच्या अंगाचं काय झालं यावर जवळपास नाही.

मला वाटतं याचं कारण असं की बाईच्या शरीराबद्दल सरकारला आणि समाजाला जो रस आहे तो मूल होण्यापुरता आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना किती छळलं, आज कुटुंबनियोजनाच्या पाट्या गावोगाव आहेत, म्हणजे तेवढं अंतर आपण कापलं. पण तो विषयसुद्धा मुलाभोवतीचाच होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांचं वजन-उंची मोजतात ते १५ ते ४९ वयाच्या बायकांचं. २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला, हा आकडा सगळीकडे छापून आला, पण त्यात पन्नाशीची बाई नाहीच.

बरं, यंत्रणा नाही म्हणावं तर तसंही नाही. आशाताई घरोघर येऊन तिशीच्या वरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. त्यात तंबाखूचं विचारतात, कमरेचा घेर टेपने मोजतात, बाईचा ८० पर्यंत असेल तर शून्य मार्क, ९० च्या वर असेल तर दोन. पुढे बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, संबंधांनंतर रक्त जातं का, घाण वासाचा पांढरा स्राव आहे का. म्हणजे "संबंधांनंतर" हा शब्द सरकारी कागदावर आहे, आशाताईंना तो विचारता येतो, बायका उत्तर देतात, आभाळ कोसळलेलं नाही. फक्त तो कॅन्सर शोधण्यापुरता आहे. त्याच जागी अजून दोन प्रश्न घातले तर काय बिघडतं, संबंधांच्या वेळी दुखतं का, आणि खोकताना लघवी सुटते का? घेर मोजला तसा त्रासही विचारला असं होईल. पण विचारलं तर पुढे द्यायलाही काहीतरी हवं, नाहीतर बाई पुन्हा तोंडघशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ल्युब्रिकंट आणि इस्ट्रोजेन क्रीम ठेवणं काही फार मोठ्या खर्चाचं काम नाही, ओटीपोटाचे व्यायाम तर नर्स शिकवू शकते. अंग बाहेर येत असेल तर बसवायची रिंग असते, तीही तिथे मिळायला हवी.

उलट बाजारात काय चाललंय ते बघा. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे माउंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन आलं, जूनमध्ये तसंच वेगोव्ही, आणि शहरातल्या पन्नाशीच्या बायकांच्या ग्रुपवर आता इंजेक्शनचीच चर्चा. ज्यांना डायबेटीस आहे, वजन धोक्याच्या पातळीवर आहे त्यांना याचा मोठा उपयोग आहे, मी विरोधात नाही. पण झपाट्याने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, पाळी गेलेल्या बाईला ते परवडत नाही, सोबत प्रोटीन आणि वजन उचलायचा व्यायाम हवाच. आणि महिन्याला इतके पैसे घालवून बारीक झाल्यावरही संबंधांच्या वेळी दुखतंच आहे असं जेव्हा तिच्या लक्षात येईल तेव्हा तिला वाटेल आता आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. काहीशे रुपयांचं क्रीम तिला कोणी पहिल्या दिवशी लिहूनच दिलेलं नसतं.

डॉक्टरांकडून मी फार काही मागत नाहीये. वजनाबद्दल बोला, जरूर बोला, साखर आणि बीपी असेल तर आग्रहाने बोला. ज्या बाईला वाफांसाठी हार्मोन द्यायचं ठरतंय तिथे तर वजन बघावंच लागतं, कारण गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका जाड बाईला जास्त असतो आणि तिथे त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच बरा पडतो. पण दुखतंय म्हणून आलेल्या बाईला त्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवर, दुखण्याचं औषध द्या. आतून तपासा, कोरडेपणा आहे की इन्फेक्शन आहे की स्नायू आवळले गेलेत ते बघा. तिला संबंध हवेत का, की ती फक्त नवऱ्यासाठी सहन करतेय, हेही एकांतात विचारा, कारण नको असेल तर नको म्हणायचाही तिला हक्क आहे आणि तिच्या लैंगिक आरोग्यात तेही येतं. जी विधवा आहे, एकटी आहे तिलाही विचारा, जळजळीने तिलाही बसवत नाही, चालवत नाही.

आणि बायकांनो, तुम्ही जेव्हा जाल आणि वजनाचं उत्तर मिळेल तेव्हा "हो, ते करते, पण तोपर्यंत दुखण्यावर काय देताय?" एवढं विचाराच. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद टेबलावर ठेवा. एका डॉक्टरने उडवून लावलं तर दुसरीकडे जा, सोबत मैत्रीण न्या, लेकीला न्या. लेकींनीही आईला हे एकदा विचारून बघा, कारण अजून वीस-पंचवीस वर्षांनी तुमचाही नंबर आहे आणि तेव्हा आरोग्य केंद्रात हे क्रीम असेल की नाही हे आत्ता कोण मागतंय त्यावर ठरणार आहे.